आउटलाइन अक्षर : पाटीवर जपून, पत्रिकेवर खुशाल

दादरच्या रानडे रोडवर किंवा गिरगावात ठाकूरद्वारच्या बाजूला दुकानांच्या पाट्या पाहत चालले, तर एक विशिष्ट प्रकारचे अक्षर नजरेस पडते. हे अक्षर भरीव नसते. त्याच्या कडेने फक्त एक बारीक रेघ फिरवलेली असते आणि आतली जागा मोकळी असते. वळणे गोल, दांडे सरळ, जाडी सगळीकडे सारखी. जणू कंपास आणि पट्टी घेऊन आखलेले. कपड्यांचे दुकान, चष्म्याचे दुकान, सलून, कॅफे अशा ठिकाणी हे अक्षर पसंत केले जाते, कारण ते हलके, स्वच्छ आणि नव्या जमान्याचे वाटते.

आमचे व्यापारी बांधव मोबाइलवर एखादे चित्र दाखवतात आणि कारागिराला सांगतात, "भाई, नाव असेच करून द्या." कारागीर करून देतो. पाटी चढते. दहा पावलांवरून सुंदर दिसते, पण रस्त्याच्या पलीकडून कोणालाच वाचता येत नाही. मग पाटी उतरवणे, पुन्हा बनवणे आणि हा खर्च सोसायचा कोणी यावर वाद. व्यापाऱ्याचे म्हणणे की माल खराब दिला. कारागिराचे म्हणणे की सांगितले तेच दिले. दोघेही आपापल्या जागी खरे असतात. चूक अक्षराची जागा निवडण्यात झालेली असते. हे अक्षर कोठे चालते, कोठे चालत नाही आणि मराठीत ते करताना कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या लेखात देत आहोत.

अक्षराची घडण

या अक्षराचे दोन गुण वेगवेगळे समजून घ्यावेत. पहिला गुण भूमितीचा. आपली देवनागरी मुळात बोरूने लिहिली गेली. बोरूचे टोक तिरके कापलेले असते, म्हणून एकच रेघ कोठे जाड तर कोठे बारीक उमटते. उर्दू कातिबाच्या कलमाचेही तसेच. भूमितीच्या अक्षरात हा जाड-बारीक भेद काढून टाकलेला असतो. रोमन लिपीत या पद्धतीचे गाजलेले अक्षर म्हणजे 'फ्युचुरा'. जर्मनीच्या पाउल रेनर यांनी ते आखले आणि फ्रँकफुर्टच्या बाउअर फाउंड्रीने १९२७ साली बाजारात आणले. त्यातला 'ओ' जवळजवळ पूर्ण वर्तुळ आहे.

मराठीत या घडणीचे सहज मिळणारे उदाहरण म्हणजे 'पॉपिन्स'. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने ते काढले. त्यातील देवनागरी निनाद काळे यांची आणि रोमन जॉनी पिनहॉर्न यांची. अगदी बारीकपासून अगदी ठसठशीतपर्यंत नऊ जाड्यांमध्ये ते मिळते आणि विनामूल्य वापरता येते. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्ता' हेही असेच विनामूल्य आहे. त्याच्या सात जाड्या आहेत. बोरूचा थोडा गुण त्यात शिल्लक असल्याने ते वाचायला अधिक सोपे जाते.

दुसरा गुण पोकळपणाचा. भरीव अक्षरात एका दांड्याची एक पट्टी दिसते. आउटलाइन अक्षरात त्याच दांड्याच्या दोन कडा, म्हणजे दोन रेघा दिसतात. म्हणून अक्षर जितके साधे, तितके ते पोकळ करून शोभते. 'नूर', 'ताज', 'बाग', 'मलमल' असे शब्द घ्या. यांत दांडे आणि गोलाई मोजकी आहे. कडेची रेघ मोकळेपणाने फिरते. आता 'इलेक्ट्रिकल्स', 'ज्वेलर्स', 'ऑप्टिशियन्स' घ्या. 'क्ट्रि'मध्ये एकाखाली एक रेघा येतात आणि प्रत्येकीची जोडी झाली की जाळे तयार होते. 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध', 'झ', 'ह' यांचीही हीच गत. ग्राहकाला तेथे अक्षर दिसत नाही, गुंता दिसतो.

शिरोरेषेची अडचण

इंग्रजी अक्षरे सुटी उभी राहतात. मराठी अक्षरे शिरोरेषेने हातात हात घालून उभी असतात. आउटलाइनचे काम बिघडते ते येथेच.

छपाईचा जुना धंदा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चटकन समजेल. जावजी दादाजी यांनी १८६४ साली मुंबईत अक्षरांचे खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली 'निर्णयसागर' छापखाना सुरू केला. गिरगावला लागून असलेल्या काळबादेवीच्या कोलभाट गल्लीतला हा छापखाना देवनागरीच्या सुबक खिळ्यांसाठी देशभर नावाजला गेला. त्या खिळ्यांचे मूळ ठसे राणोजी रावजी आरू या कारागिराच्या हातचे. प्रत्येक अक्षराचा खिळा वेगळा. जुळारी ते शेजारी शेजारी बसवी आणि शिरोरेषांची टोके एकमेकांना भिडून एक सलग रेघ उमटे. अक्षर भरीव असल्याने सांधा शाईत लपून जाई. तेच खिळे पोकळ असते, तर प्रत्येक सांध्यावर एक उभी रेघ उमटली असती.

संगणकाचा फाँटही आतून खिळ्यांसारखाच असतो. प्रत्येक अक्षर, काना, मात्रा हा वेगळा तुकडा. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे युनिकोड येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये तर अर्धे अक्षर आणि त्याचा काना हेही दोन तुकडे असतात. असा शब्द टाइप करून त्याला नुसती कडेची रेघ लावली, की शिरोरेषेत प्रत्येक अक्षराच्या हद्दीवर उभे काप दिसतात, वेलांटी दांड्यात घुसलेली दिसते, रफार मात्रेला छेदतो. दुर्दैवाने अशा पाट्या आणि बॅनर सर्रास लागलेले असतात.

शेजारच्या लिपींकडे पाहिले की फरक कळतो. गुजरातीला शिरोरेषा नाही, म्हणून तेथे पोकळ अक्षर सोपे जाते. इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कुमार वन आउटलाइन' हा तयार गुजराती फाँट मिळतो. उर्दूचे नूरी नस्तालीक १९८१ साली तयार झाले ते अख्खे जोडसमूह एकेका तुकड्यात साठवून, त्यामुळे समूहाच्या पोटात सांधा राहत नाही. मराठीत मात्र सांधे स्वतः मिटवावे लागतात.

संगणकावर करण्याची कामे

कोरल ड्रॉवर काम करणाऱ्यांनी पुढील क्रम पाळावा.

एक, प्रथम शब्द भरीव ठेवूनच टाइप करावा, शुद्धलेखन मालकाकडून तपासून घ्यावे. पुढे गेल्यावर दुरुस्ती म्हणजे सगळे काम पहिल्यापासून.

दोन, शब्दाचे 'कर्व्ह' करावेत आणि मग सर्व तुकडे 'वेल्ड' करावेत. आता अख्खा शब्द शिरोरेषेसह एकच आकार होतो. बाहेरची कडा एक आणि पोटातल्या मोकळ्या जागांच्या कडा वेगळ्या, एवढेच उरते. यानंतरच कडेची रेघ द्यावी.

तीन, रेघ दिल्यावर आकारासोबत रेघेची जाडीही वाढेल अशी 'स्केल'ची खूण करून ठेवावी. ही खूण राहिली, तर कागदावर एक मिलिमीटरची रेघ दहापट मोठ्या पाटीवरही एकच मिलिमीटर राहते. नमुना पाहून खूश झालेला मालक पाटी पाहून नाराज होतो, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

चार, काम प्लॉटरवर किंवा लेसरवर जाणार असेल, तर रेघेचे रूपांतर आकारात करावे. कापणारे यंत्र रेघेची जाडी पाहत नाही; ते फक्त मार्ग पाहते. रूपांतर केले नाही, तर दोन कडांऐवजी एकच काप मिळतो.

पाच, अक्षरांतील अंतर थोडे वाढवावे. कडेची रेघ बाहेरच्या बाजूलाही पसरते, म्हणून भरीव शब्दाला पुरेसे वाटणारे अंतर पोकळ शब्दाला कमी पडते. मात्र हे अंतर वेल्ड करण्यापूर्वी वाढवावे आणि शिरोरेषा कोठे तुटली नाही हे पाहावे.

पाटीचा हिशेब

आता पैशांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग. पाटीच्या धंद्यात एक ढोबळ नियम चालतो : अक्षराची उंची एक इंच असेल तर ते दहा फुटांवरून आरामात वाचता येते. मराठीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत धरावी. वरच्या मात्रा आणि खालचे उकार त्यात धरू नयेत. हा नियम भरीव अक्षराचा. बारीक आउटलाइनसाठी आम्ही दुप्पट उंची धरण्याचा सल्ला देतो.

कारण पाहा. समजा अक्षर एक फूट उंच आहे आणि त्याचा दांडा दीड इंच रुंद आहे. भरीव अक्षरात दीड इंच रंग दिसतो. आउटलाइनमध्ये दोन्ही कडांना पाव पाव इंचाची रेघ दिली, तर रंग अर्धा इंच आणि मध्ये एक इंच पोकळ. म्हणजे दिसणारा रंग एक तृतीयांशावर आला. त्यात निरोगी डोळ्याला तीस मीटरवरून साधारण नऊ मिलिमीटरपर्यंतचा बारकावा वेगळा ओळखता येतो. पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटरांच्या आसपास. रेघ नाहीशी होत नाही, पण फिकट पडते. काळी रेघ राखाडी वाटू लागते. परळ-लालबागच्या मोठ्या रस्त्यावर बसमधून जाणाऱ्या माणसाला ती वाचायला दोन-तीन क्षणच मिळतात.

रस्ता साठ फूट रुंद असेल, तर भरीव अक्षर सहा इंचांचे पुरते; पोकळ अक्षर बारा इंचांचे लागते. त्यावर मात्रा-रफारासाठी सुमारे चार इंच आणि खाली उकारासाठी सुमारे चार इंच, म्हणजे वीस इंच झाले. दोन फुटी पाटीत वर-खाली दोन-दोन इंचच उरतात. मग मालाचे नाव, दुसऱ्या भाषेतले नाव कोठे बसवायचे? म्हणून रस्त्यावरच्या मुख्य पाटीवर दुकानाचे नाव भरीव असावे, हेच शहाणपणाचे. आउटलाइनची हौस असेल, तर भरीव अक्षराभोवती वेगळ्या रंगाची कड द्यावी. आमच्या जुन्या पेंटर मंडळींनी ब्रशने हेच केले : आत पिवळे, कडेला लाल, बाजूला सावली. त्यात शोभाही आहे आणि नावही दुरून वाचता येते.

रात्रीच्या पाटीचा विचार वेगळा करावा. एलईडीची लवचीक निऑन पट्टी सहा, आठ, बारा मिलिमीटर अशा रुंदीत मिळते. तिने दोन्ही कडा फिरवल्या, तर उजेड पसरून दोन रेघा दुरून एकमेकींत मिसळतात आणि खर्च मात्र दुप्पट होतो. त्यापेक्षा अक्षराच्या मधोमध एकच पट्टी फिरवावी. भूमितीचे बारीक अक्षर या कामाला फार योग्य, कारण पट्टी गोलाईवर सहज वळते. कोपरे टोकदार न ठेवता किंचित गोल करावेत.

पाटीचा कायदा

दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या महाराष्ट्र कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार पाटीवर नाव मराठीत, देवनागरी लिपीत, सुरुवातीला असले पाहिजे आणि मराठी अक्षरांचा आकार इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही हे लागू आहे. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली आणि ती संपल्यावर महापालिकेने तपासणी सुरू केली.

काही जण इंग्रजी नाव जाड आणि भरीव ठेवतात आणि मराठी नाव तेवढ्याच उंचीच्या बारीक आउटलाइनमध्ये उरकतात. पट्टीने मोजले तर उंची बरोबर भरते. पण ज्या ग्राहकासाठी मराठी पाटी आहे, त्याला ती वाचता येत नाही. पाटीचा खर्च करायचाच आहे, तर तो ग्राहक आणणारा असावा. दोन्ही लिपी शेजारी ठेवायच्या असतील, तर दोहोंची जाडी एका मापाची घ्यावी. पॉपिन्ससारख्या फाँटमध्ये मराठी आणि इंग्रजी एकमेकांना जुळतील अशाच आखलेल्या असल्याने हे काम सोपे होते.

कोठे वापरावे

पाटीवर जपून म्हटले, म्हणून हे अक्षर टाकाऊ ठरत नाही. हातात धरून, जवळून आणि सावकाश पाहिल्या जाणाऱ्या वस्तूवर ते अतिशय खुलते.

लग्नपत्रिका हे पहिले ठिकाण. गिरगावच्या कांदेवाडीतील पत्रिकांचा बाजार सर्वांना ठाऊक आहे. पत्रिकेच्या दर्शनी पानावर वधू-वरांची दोनच नावे पोकळ अक्षरात मोठी घ्यावीत. तारीख, पत्ता, नातेवाइकांची नावे भरीव अक्षरात द्यावीत. सोनेरी फॉइल लावायचे असेल, तर रेघ एक पॉइंट, म्हणजे सुमारे ०.३५ मिलिमीटर ठेवावी. अर्ध्या पॉइंटची रेघ फॉइलमध्ये तुटते किंवा दोन रेघांमधली जागा भरून जाते.

ऑफसेटवर छापताना रेघ एकाच शाईत घ्यावी. चार रंग मिसळून केलेल्या रंगात बारीक रेघ काढली, तर कागद केसभर सरकला तरी रेघेला दुसऱ्या रंगाची सावली येते. गडद पार्श्वभूमीवर पांढरी रेघ सोडायची असेल, तर ती आणखी जाड घ्यावी, कारण शाई पसरून ती बुजते. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये जाळी बारीक लागते. कापडी पिशवीची भरड जाळी कागदाच्या कामाला वापरू नये.

दुसरे ठिकाण खोके, पिशव्या आणि लेबले. अत्तराची बाटली, मिठाईचा खोका, साडीची पेटी, चामड्याच्या पाकिटावरचा ठसा, यांवर एक छोटे नाव पोकळ अक्षरात उठून दिसते. तिसरे ठिकाण दुकानाची काच. काचेवर पांढऱ्या रेडियमचे पोकळ अक्षर लावले, की आतला माल झाकला जात नाही. येथे रेघ तीन मिलिमीटरपेक्षा बारीक नको. नाहीतर काच पुसणाऱ्या फडक्याबरोबर ती उचलून येते.

चौथे ठिकाण जरीकाम. आमच्या कारचोब आणि आरीच्या कारागिरांना हे अक्षर नवे नाही, त्यांचे सगळे काम रेघेवरच चालते. ट्रेसिंग पेपरवर नक्षी काढून, सुईने छिद्रे पाडून, रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पूड त्यावरून फिरवली की कापडावर खाका उतरतो. या खाक्यावर दबक्याची किंवा कसबाची एकच ओळ फिरवली, की पोकळ अक्षर तयार. आतली जागा भरावी लागत नसल्याने माल आणि वेळ दोन्ही वाचतात. फक्त दोन कडांमध्ये सुई मोकळी फिरेल एवढी जागा असावी आणि नाव साध्या अक्षरांचे असावे. नाव जोडाक्षरांचे असेल, तर पहिले अक्षरच मोठे घेऊन काम भागवावे.

ऑर्डर घेण्यापूर्वी

व्यापाऱ्याने नमुना मोबाइलवर पसंत करू नये. मोबाइल हातभर अंतरावर असतो, पाटी साठ फुटांवर. नावाचे पहिले अक्षर खऱ्या मापात साध्या कागदावर काढून दुकानाच्या कपाळावर लावावे आणि समोरच्या फुटपाथवरून पाहावे. एकदा दुपारी आणि एकदा दिवे लागल्यावर. शेजारच्या दुकानदारालाही वाचायला सांगावे, कारण मालकाला आपले नाव आधीच ठाऊक असते आणि तो ते न वाचताच वाचतो.

कारागिराने ऑर्डरच्या कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : अक्षराची उंची, रेघेची जाडी, किती अंतरावरून वाचायचे आहे आणि नमुना मालकाने पाहून मान्य केल्याची सही. ज्या कामात नाव वाचता येणार नाही असे दिसते, तेथे पैसे घेण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे. एक ऑर्डर हातची गेली तरी चालेल. दुकानाचे नाव रोज शेकडो लोकांच्या नजरेसमोर असते आणि ते कोणी केले हेही लोक विचारतात. पाटी वाचता आली, तर पुढचे गिऱ्हाईक त्या पाटीकडे पाहूनच कारागिराकडे येते.